मीठ, साखर आणि पाणी

चहात साखर विरघळते, आमटीत मीठ विरते. परंतु या नित्याच्या क्रियेमागील नियमांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते समजून घेतले तर त्यांचा उपयोग स्वयंपाकघरापुरता न राहता आजाऱ्याच्या उशाशीही होतो.

पदार्थ पाण्यात टाकला की पाण्याचे कण त्याच्या पृष्ठभागास भिडून त्याचे सूक्ष्म कण सुटे करतात. पाणी ऊन असेल तर ही झटापट जोरात चालते. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिचा अधिक भाग पाण्यास उघडा असतो. ढवळल्यानेही काम लवकर होते. मात्र कुटणे व ढवळणे यांनी केवळ वेग वाढतो; एकंदर किती विरघळावे ही मर्यादा पदार्थाचा स्वभाव व पाण्याची उष्णता ठरवितात.

१०० ग्रॅम पाण्यात २० अंश उष्णतामानास सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, तर १०० अंशास सुमारे ४८० ग्रॅम. म्हणूनच दाट पाक निवला म्हणजे त्यात खडे धरतात. मिठाची तऱ्हा निराळी आहे. तितक्याच पाण्यात ते २० अंशास ३६ ग्रॅम व १०० अंशास जेमतेम ३९ ग्रॅम विरघळते. यामुळे मिठागरात पाणी निववून भागत नाही. उन्हाने ते आटवावेच लागते. वायूंचे तर सारेच उलट! थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो व ऊन पाण्यात कमी. उन्हाळ्यात उथळ तळ्यातील मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडतात, त्याचे हे एक कारण होय.

आता महत्त्वाची गोष्ट. एक लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळून पाणी नितळ दिसू शकते. परंतु जुलाबाने क्षीण झालेल्या बालकास त्याच एक लिटरात चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ व सहा सपाट चमचे साखर एवढेच हवे. अधिक मीठ अपाय करते, अधिक साखर जुलाब वाढविते. तेव्हा पाणी नितळ दिसते म्हणून ते योग्य झाले, असे मानू नये. डोळ्यांवर नव्हे, मापावर विश्वास ठेवावा. आधी पाणी उकळून निववावे, मग मीठ-साखर घालावी. मिश्रण पुन्हा उकळू नये. वाफ निघून जाते व मीठ मागे राहून प्रमाण बिघडते. हे पाणी घोटाघोटाने पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे. ओ.आर.एस.ची पुडी मिळाल्यास तीच उत्तम. तिच्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यात ती सबंध घालावी, अर्धीमुर्धी नव्हे.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असता डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे असेच मोजून केलेले पाणी रोग्यांस पाजविले आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळच खाली आणले.

मूल सुस्त झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर मात्र घरी वेळ न दवडता त्यास दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाणी पाजणे सोडू नये.