लॅपटॉप चालू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी एवढं वाचा

रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. "मामू, लॅपटॉप सुरूच होत नाहीये. परवा प्रोजेक्ट सबमिट करायचंय, सगळं त्यातच आहे." दुपारी ती दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आली होती. तिथल्या मुलाने लॅपटॉप उघडून काहीतरी केलं आणि सांगितलं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट करावं लागेल, डेटा जाईल." नशीब, ती हो म्हणाली नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत एकच लॅपटॉप असतो. मुलांचा अभ्यास, प्रवेशाचे फॉर्म, स्कॅन केलेले दाखले, लग्नाचे फोटो, धंद्याचा हिशेब, सगळं त्यावर. म्हणून तो बंद पडला की माणूस घाबरतो आणि समोरचा सांगेल ते मान्य करतो. खरं तर लॅपटॉप नेमका कुठे अडलाय ते घरच्या घरी बघता येतं.

१. दिवाही लागत नाही, पंखाही फिरत नाही

असं असेल तर वीज पोचत नाहीये. आधी सॉकेट बदलून पाहा, मग त्याच मॉडेलला चालणारा दुसरा चार्जर लावा. मोबाईलचा टाइप-सी चार्जर बसतो म्हणून चालेलच असं नाही. लॅपटॉपला साधारण ४५ किंवा ६५ वॅट लागतात. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर अर्धा तास चार्जिंगला ठेवून मगच बटण दाबा.

तरीही काही झालं नाही तर चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकलेला करंट त्यामुळे निघून जातो. मग फक्त चार्जर लावून चालू करा. बरेच 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यावरच उठतात.

२. दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी

कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, दोष बहुधा स्क्रीनचा किंवा डिस्प्लेचा. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र आलं तर तुमचा डेटा शाबूत आहे, आधी तो कॉपी करून घ्या.

चालू करताच बीप वाजत असतील किंवा दिवा ठराविक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजून लिहून ठेवा. तो कंपनीचा कोड असतो, मॉडेलचं नाव टाकून शोधलं की अर्थ मिळतो. पुष्कळदा रॅम सैल झालेली असते. काढून नीट बसवली की काम होतं. पण पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की केलेली असते, तिथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका.

३. लोगो येतो आणि गाडी तिथेच अडते

पेन ड्राइव्ह, माऊस, प्रिंटर, जोडलेलं सगळं काढा. विसरलेल्या पेन ड्राइव्हमुळेही लॅपटॉप अडतो.

'नो बूटेबल डिव्हाइस' असं येत असेल तर चालू करताना एफ-२ सारखं दाबत राहा (एचपीमध्ये एफ-१०). बायोस उघडेल. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का, तेवढंच बघा. बाकी काही बदलू नका. नाव दिसत नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा गेलीय. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू केलं तर उरलासुरला डेटाही जाईल.

डिस्क दिसतेय, पण विंडोज येत नाही? मग लोगो आल्यावर पॉवरचं बटण धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा स्क्रीन आपोआप येतो. त्यात आधी 'स्टार्टअप रिपेअर', नंतर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टिम रिस्टोअर' करून पाहा. 'रिसेट' सगळ्यात शेवटी, आणि तेही 'कीप माय फाइल्स' निवडूनच.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, विमानं रखडली. त्यावर उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की मशीन सुरू होत होतं.

४८ आकडी किल्ली

भाचीच्या लॅपटॉपवर मात्र वेगळीच निळी स्क्रीन होती. 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागत होती, ४८ आकडे. आजकाल नव्या लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये कोणी ढवळाढवळ केली की विंडोजला संशय येतो आणि ते किल्ली मागतं. दुकानातल्या मुलाने बायोस रिसेट केलं होतं, म्हणून हे झालं.

ही किल्ली लॅपटॉप पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला, त्यात जमा असते. भाचीच्या अकाउंटमध्ये ती नव्हती. मग लक्षात आलं, लॅपटॉप विकणाऱ्याने स्वतःच्याच ईमेलने सेटिंग करून दिलं होतं! दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो, त्याने अकाउंट उघडलं, किल्ली मिळाली, लॅपटॉप सुरू झाला. तो माणूस सापडला नसता तर? किल्लीशिवाय ती डिस्क कोणीच उघडू शकत नाही, दुसऱ्या मशीनला लावूनही नाही.

आज रात्रीच करा

तुमचा लॅपटॉप आत्ता नीट चालतोय ना? मग सेटिंगमध्ये जाऊन कोणाचं अकाउंट आहे ते पाहा. दुसऱ्याचं असेल तर स्वतःचं टाका. किल्ली वहीत लिहून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर पहिलं वाक्य हेच: "डेटा हवाय, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही." पावतीवरही तसं लिहून घ्या. विंडोज पुन्हा टाकता येतं, लॅपटॉप नवा घेता येतो. वडिलांचे शेवटचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.