चिमुकल्या शिरेची राखण

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित भाग)

परभणी जिल्ह्यात नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे गेली. पूर्णा, पालम, जिंतूर, सोनपेठ भागांतून बाळे येतात. "लेकराला पेटीत ठेवलंय," असे नातेवाईक फोनवर सांगतात आणि मग मला हळूच विचारतात, "सिस्टर, एवढ्याशा हातात सुई कशी हो ठेवली?"

पहिली गोष्ट म्हणजे, बाळाच्या हातात सुई राहत नाही. सुईवर चढवलेली मऊ नळी शिरेत सरकवतात आणि सुई काढून घेतात. या नळीला आम्ही कॅन्युला म्हणतो. पूर्वी पोलादी सुईच शिरेत ठेवत. बाळाने हात हलवला की तिचे टोक शीर भोसकून बाहेर यायचे. १९५० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा या तरुण डॉक्टरांनी सुईवर प्लास्टिकची नळी बसवली. आता अनेक नळ्या पॉलियुरेथेनच्या असतात. ते अंगाच्या उबेने आणखी मऊ पडते.

या नळ्यांना नंबर असतात. नंबर वाढला की नळी बारीक होते. मोठ्या माणसाला बहुधा १८ किंवा २० नंबरची लावतात. बाळाला २४ नंबरची पिवळी किंवा २६ नंबरची जांभळी. पिवळीची जाडी असते सुमारे ०.७ मिलिमीटर.

सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ. जागतिक अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. फार लवकर आलेल्या बाळाला ओढून पिता येत नाही, म्हणून ग्लुकोज आणि औषधे शिरेतून द्यावी लागतात. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८० ते ९० मिली रक्त असते, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे. तिथे थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून बाटली नुसती टांगून चालत नाही. तासाला किती मिली जायचे हे पंपावर ठरवतात. नळीत हवेचा बुडबुडाही चालत नाही. नवजात बाळाच्या हृदयातील वरच्या दोन कप्प्यांमधली वाट अजून पुरती मिटलेली नसते. तिच्यातून बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आता एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीला, एका दुसऱ्या रुग्णालयात, रात्रपाळीला माझ्याकडे चौदाशे ग्रॅमचे बाळ होते. नळी हलू नये म्हणून मी हातावर कापूस ठेवून घट्ट पट्टी गुंडाळली होती. पहाटे आजी म्हणाली, "बाई, लेकराचा हात फुगल्यावानी दिसतोय." मी म्हटले, "सलाईन चालू आहे आजी, काळजी करू नका." सकाळी पट्टी सोडली, तर मनगटाखालची कातडी काळी पडलेली. नळी शिरेतून निसटली होती आणि कॅल्शियम मिसळलेले सलाईन रात्रभर मांसात झिरपत होते. बाळ वाचले, जखमही भरली. पण व्रण राहिला. आजीला जे दिसले, ते मी झाकून ठेवले होते.

तेव्हापासून माझा नियम ठरला: नळीची जागा कधी झाकायची नाही. वरून पारदर्शक पट्टी, हाताखाली छोटी फळी, बोटे उघडी. दर तासाला पाहायचे, हलकेच हात लावायचे आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघायचे. सूज, लाली, पांढरेपणा, गारवा किंवा ओल दिसली, की आधी सलाईन बंद करायचे.

दुसरा धोका जंतूंचा. ज्या वाटेने औषध जाते, त्याच वाटेने जंतूही थेट रक्तात शिरतात. त्यामुळे हात धुतल्याशिवाय नळीला शिवायचे नाही. औषध देण्याआधी नळीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासायचे आणि वाळू द्यायचे. घाईच्या वेळी हे पंधरा सेकंद फार मोठे वाटतात. तेच नेमके चुकवायचे नसतात.

बरेच दिवस औषधे द्यायची असली, तर दर दोन दिवसांनी नव्याने टोचण्यापेक्षा डॉक्टर लांब, केसासारखी बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नाळेतल्या शिरेचीही वाट मिळते. या नळ्यांचे टोक नेमके कुठे पोचले, हे एक्स-रे काढून पाहतात.

मात्र कितीही चांगली नळी असली, तरी ती लवकर निघालेली बरी. त्यासाठी आईचे दूध लागते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच कमजोर बाळांसाठी. बाळाला ओढता येत नसेल, तर काढलेले दूध पोटातल्या नळीने देतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला शंभर ते सव्वाशे मिली दूध पचू लागले, की बहुधा शिरेतली नळी काढता येते. म्हणून बाळ पेटीत असले तरी आईने दूध काढत राहावे. सुई टोचताना आईच्या दुधाचे दोन थेंब जिभेवर दिले, तर बाळाचे रडणेही कमी होते.

पैशाच्या काळजीने कुणी बाळाला घरी नेऊ नये. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे आणि १०२ क्रमांकाची गाडी मोफत आहे. आता ही सोय बाळ एक वर्षाचे होईपर्यंत मिळते.

आया-आज्यांना एवढेच सांगते. नळीला तुम्ही हात लावू नका, शेकू नका, चोळू नका. पण डोळ्यांनी जरूर बघा. हात फुगलेला वाटला, तर लगेच सिस्टरला हाक मारा. नळी अजून किती दिवस लागेल, हेही रोज विचारा. "काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले, तर म्हणा, "बाई, एकदा पट्टी सोडून दाखवा."