काम कोठवर आले? संगणकीय नोंदीतील ‘स्थिती’विषयी थोडेसे

पेढीवर दिवसभरात सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न भावाचा नव्हे, तर “त्या कामाचे काय झाले?” हा होय. परत आलेला नग बदलून दिला काय, गुदामाच्या छपराचे काम कोठवर आले, ह्या प्रश्नांची उत्तरे पूर्वी मुनीमजींच्या स्मरणात असत. आता पुष्कळ पेढ्यांवर ती संगणकात ठेविली जातात. घरातील तरुण मंडळी ज्या रंगीत शब्दांकडे पाहून “काम पेंडिंग आहे” असे सांगतात, त्या शब्दांचा नेमका अर्थ वडीलधाऱ्यांसही कळावा, एवढ्याच हेतूने आम्ही हे लिहीत आहो.

कल्पना आपणांस नवी नाही. हुंडी लिहिली गेली, दाखविली गेली, सकारली किंवा नकारली गेली, आणि पैसे चुकते होताच तिचा खोका झाला. ह्या तिच्या अवस्थाच होत. कोणत्याही क्षणी हुंडी त्यांपैकी एकाच अवस्थेत असे, आणि न सकारता तिचा खोका होत नसे. संगणकीय पद्धतीतही प्रत्येक मागणीला किंवा तक्रारीला एक क्रमांक मिळतो. तिला ‘तिकीट’ म्हणतात. तिकिटाला एका वेळी एकच स्थिती, म्हणजे ‘स्टेटस’ असते, आणि एका स्थितीतून दुसऱ्या कोणत्या स्थितीत जाता येईल ह्याचे नियम आधीच बांधून ठेविता येतात.

उदाहरणार्थ, २००७ साली कोपनहेगन येथे सुरू झालेली झेनडेस्क ही ग्राहकसेवेची पद्धत घेऊ. तिच्यात मूळच्या स्थिती सहा आहेत: न्यू, ओपन, पेंडिंग, ऑन-होल्ड, सॉल्व्हड आणि क्लोज्ड. तक्रार आली पण कोणी हाती घेतली नाही, तोवर ती ‘न्यू’. कोणाकडे सोपविली की ‘ओपन’. येथवर सर्व सरळ आहे. खरी मख्खी पुढील दोन शब्दांत आहे. ‘पेंडिंग’ म्हणजे नुसते रखडलेले नव्हे. आपण ग्राहकाला काही विचारले असून त्याच्या उत्तराची वाट पाहत आहो, असा त्याचा नेमका अर्थ आहे. ‘ऑन-होल्ड’ म्हणजे वाट तिसऱ्याची आहे, जसे कारखान्याची किंवा वाहतूकदाराची. ही स्थिती ग्राहकाला दिसत नाही. त्याला त्याचे काम ‘ओपन’ असेच दिसते. आमच्या मते ही योजना मोठी मार्मिक आहे. कारखान्याने माल धाडला नाही हे खरे असले, तरी ग्राहकाचा व्यवहार आपल्याशी झालेला असतो, आणि त्याच्या लेखी काम आपल्याकडेच असते. जांगड दिलेला माल आपण विकलेला धरीत नाही आणि तो आपल्या फळीवरही नसतो, म्हणून त्याची वही वेगळी ठेवितो. ह्या दोन मधल्या स्थितींचे प्रयोजनही तेच.

परंतु मोहाची जागाही येथेच आहे. किती वेळात काम पुरे झाले ह्याचे मोजमाप अशा पद्धती आपोआप ठेवितात, आणि पेंडिंगमध्ये गेलेला वेळ झेनडेस्कमध्ये ग्राहकाच्या प्रतीक्षेत धरला जात नाही. मग एखादा चतुर नोकर सायंकाळी ग्राहकाला एक निरर्थक प्रश्न धाडतो, तिकीट पेंडिंगमध्ये टाकतो आणि घरी जातो. कागदोपत्री पेढी तत्पर. ग्राहक मात्र दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर! मालकाने केवळ सरासरी पाहिली तर हे त्याच्या ध्यानात यावयाचे नाही. पेंडिंगमधील सर्वांत जुनी दहा तिकिटे स्वतः उघडून वाचली म्हणजे कळते.

जिरा नामक पद्धती सिडनीच्या अॅटलासियन कंपनीने २००२ साली काढिली. (हे नाव जिऱ्यावरून नव्हे, तर गॉडझिला ह्या चित्रपटांतील राक्षसाच्या ‘गोजिरा’ ह्या जपानी नावावरून आले.) तिच्यात स्थितींना वाटेल ती नावे देता येतात, मात्र प्रत्येक नाव तीनच वर्गांपैकी एकात बसवावे लागते: करावयाचे, चालू, झालेले. ही सूट घातक ठरू शकते. हौसेने पंधरा-वीस स्थिती बनविल्या की नोकरांना त्यांतील भेद आठवत नाही आणि जो तो जवळची घेऊन मोकळा होतो. तेथे ‘रिझोल्यूशन’ नावाचा एक निराळा रकानाही असतो. काम संपले हे स्थिती सांगते. ते कसे संपले, पुरे झाले की सोडून दिले, हे तो रकाना सांगतो. तो रिकामा राहिला तर ‘झालेले’ कामही अनिर्णित म्हणूनच मोजले जाते.

प्रकल्पाची गोष्ट वेगळी. एकेक तिकीट हे खतावणीतील खाते, तर प्रकल्प ही तेरीज. तेथे ‘काम कोठे आहे’ ह्यापेक्षा ‘ठरल्या मुदतीत होईल काय’ हे विचारावयाचे असते. आसना ह्या पद्धतीत त्यासाठी मार्गावर, धोक्यात आणि मार्गाबाहेर अशा अर्थाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग आहेत. हा रंग यंत्र ठरवीत नाही, प्रकल्पाचा प्रमुख निवडतो. म्हणून तो जबानी होय, पुरावा नव्हे. ह्या धंद्यातील लोक अशा प्रकल्पांना कलिंगड म्हणतात: बाहेरून हिरवे, आत लाल. लाल रंग दाखविणाऱ्यावर मालक डाफरू लागला, की पुढच्या महिन्यात सर्वत्र हिरवळ दिसते आणि मुदतीच्या आदल्या दिवशी फळ फुटते. रंगाबरोबर कारण आणि नवी तारीख लिहिण्याची सक्ती ठेविली तर हा प्रकार बराच आवरतो.

राहिला ‘सॉल्व्हड’ आणि ‘क्लोज्ड’ ह्यांतील भेद. पहिला शब्द आपला दावा आहे. ग्राहकाने उलट उत्तर धाडले की तिकीट पुन्हा उघडते. नेहमीच्या योजनेत चार दिवसांनी ते आपोआप ‘क्लोज्ड’ होते, आणि मग ते उघडता येत नाही. ग्राहक नंतर बोलला तर जुन्याला जोडलेले नवे तिकीट निघते. ही मुदत बदलता येते. बाहेरगावच्या ग्राहकाच्या हाती बदली नग पडावयास आठवडा लागत असेल, तर चार दिवसांची मुदत त्याला अपुरी आहे; ती पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावी.