गासड्यांची घरे

पेंढ्याचे आणि घराचे नाते आपणांस नवे नाही. कोकणात व गोमंतकात भाताच्या पेंढ्याने घरे शाकारीत. भिंतीसाठी माती तुडविताना तीत भुसा मिसळण्याची चालही जुनी आहे. परंतु सबंध भिंतच पेंढ्याची, आणि तीही विटा रचाव्यात तशी गासड्या रचून उभारलेली, असे कोणी सांगितले तर आपल्या मनात दोन शंका येतील. ती पेट घेणार नाही काय? आणि ती किती दिवस टिकेल? या शंकांची उत्तरे आज पाहावयाची आहेत.

अशा घरांचा उगम अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात झाला. तेथे वाळूच्या टेकड्यांचा सुमारे २० हजार चौरस मैलांचा प्रदेश आहे. गवत उदंड, पण झाड औषधालाही मिळावयाचे नाही. १९०४ साली झालेल्या किंकेड कायद्याने येथील वसाहतकऱ्यांस प्रत्येकी ६४० एकर जमीन देऊ केली. जमीन मिळाली, पण घर कशाचे बांधावे? इतर भागांत लोक गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापून त्यांच्या भिंती रचीत. येथील माती इतकी रेताड की लादी उचलताच फुटे. लाकूड दुरून आणावे तर ते परवडत नसे. मात्र गवत दाबून त्याच्या चौकोनी गासड्या बांधणारी, घोड्यांच्या बळावर चालणारी यंत्रे तोवर प्रचारात आली होती. लाकूड घेण्याची ऐपत येईपर्यंत गासड्यांच्या आडोशाला राहू, अशा विचाराने लोकांनी ही घरे बांधली. कडाक्याच्या थंडीत ती उबदार राहतात असा अनुभव आल्यावर त्यांतच त्यांनी कायमचा संसार थाटला.

आर्थर या लहानशा गावी १९२८ साली राय नावाच्या धान्याच्या काडाच्या गासड्यांनी बांधलेले प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंती सुमारे दोन फूट जाडीच्या असून १९७९ साली त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली. फ्रान्समधील माँतार्जी येथे फ्येत नावाच्या अभियंत्याने १९२० च्या सुमारास लाकडी सांगाडा उभारून त्यात गासड्या भरल्या. ते घर शंभर वर्षे उलटली तरी उभे आहे.

आता बांधणीची रीत पाहू. प्रथम जमिनीपासून पुरेसे उंच जोते घालतात. त्यावर गासड्यांचे थर सांधेमोड करून रचतात व त्यांत खुंट्या ठोकून थर एकमेकांशी जखडतात. नेब्रास्काच्या रीतीत सांगाडा नसतो. छपराचा भार गासड्याच पेलतात. म्हणून छप्पर हलके ठेवतात, खिडक्या बेताच्या ठेवतात, आणि भाराने भिंत पुरती दबून बसेपर्यंत काही आठवडे थांबून मगच दोन्ही बाजूंस गिलावा करतात. काडांत व काडांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. त्यामुळे असे घर हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड राहते.

आगीची शंका मोकळ्या पेंढ्यापुरती खरी आहे. बांधकाम चालू असता आवारात पसरलेला पेंढा ठिणगीने क्षणात भडकेल. परंतु घट्ट दाबलेल्या गासडीत हवेचा शिरकाव कमी, आणि गिलाव्याने तर तिची वाटच बंद होते. २००६ साली अमेरिकेत अशा भिंतींची खरोखरीची अग्निपरीक्षा झाली. मातीच्या गिलाव्याची भिंत एक तासाच्या आणि चुना-सिमेंटच्या गिलाव्याची दोन तासांच्या कसोटीस उतरली.

खरा शत्रू पाणी होय. ओली गासडी आतून कुजते, आणि गिलाव्याआड चाललेले हे कुजणे डोळ्यांस दिसत नाही. म्हणून अमेरिकेतील निवासी घरांच्या आदर्श नियमावलीत २०१५ साली या बांधणीचा समावेश झाला तेव्हा गासडीतील ओलावा २० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन घातले गेले. उंच जोते, लांब वळचण, आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देणारा माती वा चुन्याचा गिलावा, हे तीन उपाय घर राखतात. गिलावा टाळला तर काय होते, याचीही नोंद नेब्रास्कातच सापडते. १८९६-९७ च्या सुमारास बेयार्ड गावाजवळ गासड्यांची एकखोली शाळा बांधली गेली. तिला ना गिलावा होता, ना कुंपण. काही वर्षांत गाईंनी ती खाऊन टाकली! शाळा नाना कारणांनी बंद पडतात. ही मात्र गुरांच्या पोटात गेली.

मग आपल्याकडे हे साधेल काय? नेब्रास्काच्या त्या टेकड्यांत वर्षाकाठी २० इंचांच्या आसपास पाऊस पडतो; गोमंतकात १०० इंचांहून अधिक, आणि तोही चार महिने हवा दमट ठेवून. तेथे ही भिंत कोरडी राखणे फार कठीण. दख्खनच्या कोरड्या पठारावर हवा अनुकूल, पण तेथील कडबा हा गुरांचा घास आहे, आणि अवर्षणाच्या वर्षी तर त्याला धान्याइतके मोल येते. तो भिंतीत चिणणे शहाणपणाचे होणार नाही. पंजाब-हरियाणात स्थिती निराळी आहे. तेथे भातकापणीनंतर गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून कित्येक शेतकरी पेंढा शेतातच जाळतात आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. भाताच्या पेंढ्यात सिलिका हे द्रव्य अधिक असल्याने तो गुरांना फारसा रुचत नाही, आणि लवकर कुजतही नाही. भिंतीला हवे ते हेच.

भूकंपाच्या दृष्टीनेही या भिंतीचा विचार झाला आहे. २००५ च्या काश्मीरच्या भूकंपानंतर सरहद्दीपलीकडे, पाकिस्तानात, अशी घरे बांधण्यात आली. २००९ साली त्याच पद्धतीचे एक पूर्ण आकाराचे घर नेवाडा विद्यापीठाच्या रेनो येथील प्रयोगशाळेत कंपनमंचावर जोराने हलविले गेले. ते कोसळले नाही.

म्हणून ज्यास हा प्रयोग करावासा वाटेल त्याने आगीचे भय मनात न धरता आधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी: गुरांचे पोट भरून पेंढा उरतो काय, आणि आपल्या गावच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहील काय. दोहोंचे उत्तर होकारार्थी आले, तरच जोत्याचा पहिला दगड बसवावा.