यकृतातली गाठ, वीज आणि मोजून दिलेली उष्णता



आजचा विषय ऐकायला जरा अवघड वाटेल, पण तो आपल्या घरापर्यंत येऊन पोचलेला आहे. गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "घरातल्या माणसाच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, पोट उघडायचं नाही, सुई घालून करंट देऊ आणि गाठ जाळून टाकू. ताई, करंटनं माणूस मरतो, मग हा कसला इलाज?"

शंका रास्त आहे. अशा वेळी भीतीपोटी कुणी नाही म्हणतं, तर कुणी काहीच न विचारता सही करतं. म्हणून आज समजून घेऊ, की यकृताला उष्णता आणि वीज दिली की नेमकं काय होतं आणि ते मोजतात कसं.

यकृत म्हणजे लिव्हर. मटणात आपण जिला कलेजी म्हणतो तीच. आपलं यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं आणि त्यातून सतत भरपूर रक्त वाहतं. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्यातलं जवळजवळ पाव एकट्या यकृताकडे जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी करंटचं बघू. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते. या वेगाला आपले स्नायू आणि नसा दाद देतात, म्हणून झटका बसतो, हात आखडतो, हृदय थांबू शकतं. गाठ जाळण्याच्या मशीनमधली वीज सेकंदाला साधारण ४ ते ५ लाख वेळा मागे-पुढे होते. इतक्या वेगाला स्नायू आणि नसा दाद देत नाहीत. हे १८९१ साली फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं. पुढे १९९० च्या सुमारास इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही वीज सुईवाटे यकृतात वापरण्याची पद्धत मांडली. तिला रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन म्हणतात, थोडक्यात आरएफए.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत बघत सुई गाठीत नेतात. मांड्यांवर मोठ्या चिकटपट्ट्या लावतात. वीज सुईतून निघते आणि त्या पट्ट्यांवाटे मशीनकडे परत जाते. यात सुई इस्त्रीसारखी तापत नाही. यकृतातल्या खारट पाण्यातले कण विजेबरोबर मागे-पुढे हलतात आणि त्या घर्षणाने सुईभोवतीचं मांसच तापतं. तळहात एकमेकांवर जोरात घासले की गरम होतात ना, तसंच.

मग किती तापवायचं? शरीराची उष्णता ३७ अंश असते. ४६ अंशांवर पेशी मरायला तासभर लागू शकतो. ५० ते ५२ अंशांवर ४ ते ६ मिनिटं पुरतात. ६० अंशांच्या वर गेलं की पेशी जवळजवळ लगेच मरतात. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं आणि थंड केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. पेशीतल्या प्रथिनांचंही तसंच होतं.

मग आच मोठी करून पटकन उरकून का टाकत नाहीत? चुलीवरची भाकरी आठवा. जाळ मोठा केला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. यकृतातही हेच होतं. सुईजवळ १०० अंश झाले की पाण्याची वाफ होते, मांस सुकतं, काळं पडतं. सुकलेल्या मांसातून वीज जात नाही. म्हणजे सुईला चिकटलेला भाग करपतो आणि गाठीचा कडेचा भाग जिवंत राहतो. तो राहिला की कॅन्सर पुन्हा वाढतो. म्हणून काही सुयांच्या आतून थंड पाणी खेळवतात, म्हणजे सुईजवळ करपत नाही आणि उष्णता लांबपर्यंत पोचते.

हे सगळं मोजल्याशिवाय जमत नाही. प्रयोगशाळेत डुकराचं किंवा गुरांचं ताजं यकृत घेतात. त्यात चार बारीक सुया एका ओळीत टोचतात. बाहेरच्या दोन सुयांतून ठरावीक वीज सोडतात आणि आतल्या दोन सुयांमध्ये किती व्होल्टेज पडलं ते मोजतात. दोनच सुयांवर का भागत नाही? कारण सुई जिथे मांसाला टेकते तिथलाही अडथळा मोजणीत मिसळतो. पाटीसकट भाजी तोलली तर भाजीचं खरं वजन कळत नाही, तसंच हे. मग यकृत हळूहळू तापवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला वीज किती सहज वाहते ते लिहून ठेवतात.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, यकृत जसं तापतं तशी त्यातून वीज जास्त सहज वाहते. दर अंशाला साधारण दीड ते दोन टक्क्यांनी. यकृत नुसतं कोमट होऊन पुन्हा निवलं, तर वीज वाहणंही पूर्वीसारखं होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेशी म्हणजे पातळ सालीची पाण्याने भरलेली पिशवी समजा. कमी वेगाची वीज या पिशव्यांच्या आत शिरू शकत नाही, ती बाजूने वळसा घालून जाते. उष्णतेने साल फाटली की तिला आतून वाट मिळते. यकृत थंड झालं तरी ही वाट बंद होत नाही. म्हणजे थंड झाल्यावर मोजणी पूर्वीसारखी आली तर पेशी फक्त गरम झाल्या होत्या. मोजणी बदललेलीच राहिली तर पेशी फुटल्या, हे अभ्यासकांना समजतं.

पण खाटकाकडून आणलेल्या यकृतात रक्त वाहत नसतं. जिवंत यकृतात मोठी रक्तवाहिनी गाठीला खेटून असेल, तर वाहतं रक्त तिथली उष्णता घेऊन जातं आणि तो कोपरा कच्चा राहू शकतो. म्हणून भूल दिलेल्या जनावरांवरही मोजण्या कराव्या लागल्या. चरबीतून वीज कमी वाहते, त्यामुळे यकृतात चरबी साठलेली असेल तर हिशेब पुन्हा बदलतो.

या मोजण्यांचा उपयोग थेट रुग्णाच्या खाटेपाशी होतो. मशीनच्या पडद्यावर विजेला होणारा अडथळा आकड्यात दिसतो. तो एकदम वाढला की करपायला लागलं हे ओळखून वीज कमी करतात किंवा थांबवतात. गाठीभोवतीचं अर्धा ते एक सेंटिमीटर चांगलं यकृतही जाळतात, म्हणजे कडेला काही उरू नये. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत या इलाजाचा गुण चांगला येतो. त्याहून मोठी गाठ असेल तर काही भाग शिल्लक राहण्याची शक्यता वाढते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. आपल्याकडे काही भागांत बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने चटके देतात. तो इलाज नाही. ती उष्णता कातडी जाळते, आतल्या दुखण्यापर्यंत पोचत नाही आणि जखम चिघळून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. असं कुठे दिसलं तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या.

उष्णतेची आणखी एक बाब. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असतं आणि त्याने यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. ते भाजून किंवा शिजवून पुरतं नष्ट होत नाही. कडवट, बुरशीचे दाणे भाजून चटणीत घालू नका, टाकून द्या. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली का, हे विचारा. दारूबद्दल वेगळं सांगायला नको.

घरात कुणाला हा इलाज सांगितला, तर डॉक्टरांना हे विचारा:

गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि किती गाठी आहेत?
जवळ मोठी रक्तवाहिनी, पित्तनलिका किंवा आतडं आहे का?
ऑपरेशन किंवा दुसरा इलाज जास्त चांगला ठरेल का?
गाठ पूर्ण जळाली का, हे बघायला पुन्हा स्कॅन कधी करायचा? हा साधारण महिनाभराने करतात.
त्यानंतर तपासणीला किती दिवसांनी यायचं?

शेवटचा प्रश्न विसरू नका. एक गाठ जळाली तरी बाकीचं आजारी यकृत तसंच असतं आणि त्यात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. खर्च सरकारी योजनेत बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

हे प्रश्न गटाच्या वहीत उतरवून ठेवा. कुणाला दवाखान्यात जायची वेळ आली तर वही सोबत न्या, आणि शक्य असेल तर गटातली एखादी मैत्रीणही सोबत जाऊ द्या.