जबलपूरचा झेंडा आणि आपला ध्वज

स्वातंत्र्यलढ्याचे चित्र रंगविताना चित्रकाराच्या हातून बहुधा एक चूक घडते. मिरवणूक १९२३ सालची असो वा १९४२ सालची, अग्रभागी चालणाऱ्या तरुणाच्या हाती तो आजचाच ध्वज देतो. झेंडा सत्याग्रहाची ठिणगी ज्या जबलपुरात पडली, तेथला झेंडा मात्र निराळा होता.

त्याचा वरचा पट्टा पांढरा, मधला हिरवा व खालचा लाल. आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला भला मोठा चरखा. पिंगली वेंकय्या यांनी आराखडा केला, चरख्याची सूचना जालंदरच्या लाला हंसराजांची, आणि १९२१ साली महात्मा गांधींनी त्याचा अर्थ सांगितला तो असा : लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्व धर्मीयांचा.

१८ मार्च १९२३. गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याला त्या दिवशी वर्ष पूर्ण होत होते. जबलपूरच्या टाऊन हॉलवर राष्ट्रीय झेंडा फडकविण्यास सरकारने मनाई केली होती. ती मोडून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली, झेंडा लागला आणि पंडितजी तुरुंगात गेले. जबलपूर व नागपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. ठिणगी नागपुरास पोहोचण्यास विलंब लागला नाही. १ मेपासून तेथे सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज पकडले गेले, विनोबा पकडले गेले, आणि जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनीही तेथेच कारावास पत्करला. पुढे सूत्रे वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली. १८ ऑगस्टला, ज्या रस्त्यांवर बंदी होती त्यांवरूनच झेंड्याची मिरवणूक पार पडली.

ज्या झेंड्यासाठी एवढे लोक तुरुंगात गेले, त्याचे रंग आठच वर्षांत बदलले, याचे आश्चर्य वाटते काय? रंगांची धर्मवार वाटणी अनेकांना खटकू लागली होती. आपल्या समाजाचा रंग का नाही, असा प्रश्न इतरही विचारू लागले. तेव्हा १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा असा क्रम ठरविला आणि या रंगांना धार्मिक अर्थ नाही, हेही स्पष्ट केले. आजही कित्येक घरांत मुलांना ‘केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु जो अर्थ जाणूनबुजून सोडून दिला तोच तो पुढच्या पिढीच्या हाती देत असतो.

२२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडला. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास त्यातील एक गोष्ट विशेष सुखावते. ठराव इंग्रजीत असूनही पहिल्या रंगापुढे कंसात ‘केसरी’ हा आपलाच शब्द घातलेला आहे. त्याच ठरावातील दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मधले निळे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणूनच घेतले आहे. केवळ त्याची घडण सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्राची आहे. चरखा गेला, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नव्हे. अडचण व्यवहाराची होती. चरख्याच्या एका टोकास चाक व दुसऱ्या टोकास चाती असल्याने ध्वजाच्या मागील बाजूने तो उलटा दिसे. चक्राला अशी उलटी बाजू नाही.

कापडाविषयी थोडेसे. ध्वज दीर्घकाळ हातमागाच्या खादीचाच असे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेले व पॉलिएस्टरचे कापडही चालू लागले. प्रस्तुत लेखकास खादीचाच ध्वज अधिक शोभिवंत वाटतो, पण ही आवडीची गोष्ट झाली.

आपल्या मुलास ध्वज काढावयाचा असेल तर लांबी १८ व उंची १२ सेंटिमीटर घ्यावी, म्हणजे २ : ३ हे प्रमाण साधते. प्रत्येक पट्टा ४ सेंटिमीटरांचा होईल. चक्राचा व्यास त्याहून किंचित कमी ठेवावा आणि कोनमापक घेऊन १५ अंशांच्या अंतराने आरे काढावेत, म्हणजे ते बरोबर २४ भरतील. आणि चित्र जबलपूरच्या मिरवणुकीचे असेल, तर वरचा पट्टा पांढरा सोडून मुलाला चरखा काढावयास सांगावे.