नवी तलंग, जुनं खुराडं

कोंबड्या भांडतात त्या दाण्यासाठी किंवा जागेसाठी, असा आपला समज असतो. बदलापुरात बारवी धरणाच्या रस्त्याला किंवा पुढे वांगणीकडे ज्यांनी घरामागे दहा-पंधरा कोंबड्या पाळल्यात, त्यांचा अनुभव वेगळा आहे. दाणे मुबलक, अंगण ऐसपैस, कोंबड्या महिनोन्‌महिने गुण्यागोविंदानं राहतात. मग बाजारातून एक देखणी तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, येते, तिला सगळ्यांत सोडलं जातं आणि तासाभरात तिच्या तुऱ्यातून रक्त वाहू लागतं. अंबरनाथला चाळीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत किंवा उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पातल्या गच्चीवर हेच घडलं, तर त्या तलंगेला पळायलाही जागा नसते.

या भांडणांमागे एक पक्की व्यवस्था आहे, हे थोर्लेइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं दाखवलं. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या मागे असे. कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवी. त्याचा प्रबंध १९२२ साली जर्मन भाषेत छापून आला. सार असं, की कळपातल्या प्रत्येक जोडीत कोण वरचढ हे एकदा ठरतं आणि मग दोघी ते पाळतात. दहा कोंबड्या म्हणजे ४५ जोड्या, म्हणजे ४५ तंटे मिटलेले. अकरावी आली की दहा तंटे एका दिवसात नव्यानं उघडतात, आणि त्या दहाही तंट्यांत एक बाजू तिचीच असते. कर्जतहून भरून आलेल्या लोकलमध्ये बदलापूरला चढणाऱ्याची अवस्था यापेक्षा बरी म्हणायची.

हे सगळं चालतं ते ओळखीवर. अमेरिकेतल्या गूल आणि ऑर्टमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबड्यांचं रूप बदलून पाहिलं: कुठे पिसं रंगवली, कुठे तुऱ्याचा आकार बदलला. अंगावरचे बदल बऱ्याचदा खपून गेले. डोकं आणि मानेकडचे बदल मात्र खपले नाहीत. कालची मैत्रीण आज परकी ठरली आणि मार खाऊ लागली. आजारी कोंबडी आठवडाभर वेगळी ठेवून परत सोडली की तिलाच का टोचतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. तेवढ्या दिवसांत तिचा तुरा फिका पडून लवंडलेला असतो, आणि तिच्या जागेवर दुसरीनं हक्क सांगितलेला असतो.

मला सर्वांत मजेशीर वाटतो तो कॅनडातल्या संशोधकांचा १९९६ सालचा प्रयोग. एका कोंबडीला प्रेक्षक म्हणून बसवलं आणि तिच्यासमोर तिच्याहून वरचढ कोंबडीची गाठ एका परक्या कोंबडीशी घालून दिली. परकी जिंकली, तर प्रेक्षक कोंबडी पुढे त्या परकीच्या वाटेला गेलीच नाही. परकी हरली, तर मात्र हिनंही नशीब आजमावून पाहिलं. म्हणजे कोंबडी लढाई नुसती पाहूनही हिशेब मांडते. त्यामुळे नवी तलंग पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सपाटून हरली, तर ती एकीशी हरत नाही, सगळ्यांशीच हरते.

वरचेवर कोंबड्या बदलत राहण्याचा तोटा अंड्यांतही दिसतो. गूल आणि ॲली यांनी १९४४ मध्ये काही कळप तसेच राहू दिले आणि काहींत सतत नवे पक्षी घातले. अदलाबदलीच्या कळपातल्या कोंबड्यांनी कमी खाल्लं, त्यांचं वजन कमी भरलं आणि अंडीही कमी मिळाली. दर बाजाराला एखादी कोंबडी घेऊन येणाऱ्या हौशी माणसानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता जातींचं. ‘हौस’ म्हणून जमवलेल्या कळपात आपल्याकडे हमखास सापडतात त्या गावरान, कडकनाथ, गिरिराज आणि कुठून तरी मिळालेला असील. हे चौघं एकत्र ठेवणं म्हणजे कटकट विकत घेणं. असील झुंजीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. त्याच्या कोंबड्याला वेगळं खुराडं द्यावं, नाहीतर तो पाळूच नये. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेला गिरिराज स्वभावानं शांत, पण तीन-चार किलोंपर्यंत जाणारा गडी. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथ चपळ आणि हलका. त्याची मादी दीड किलोच्या आतबाहेर. खाण्याच्या भांड्यापाशी दुप्पट वजनाच्या पक्ष्यापुढे तिचं काय चालणार? शिवाय काळ्या पिसांची एकटीदुकटी कडकनाथ तांबड्या कळपात उठून दिसते. कळपातल्या काहीच पक्ष्यांवर काळी खूण केली, तर त्या खुणेच्या पक्ष्यांना जास्त टोचण्या बसतात, असं २००८ सालच्या एका अभ्यासात दिसलं. सगळ्यांवर खूण केली तेव्हा असा फरक पडला नाही. तेव्हा कडकनाथ घ्यायची तर पाच-सहा मिळून घ्याव्यात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज किंवा ग्रामप्रिया गावरान कोंबडीच्या रंगारूपाशी बऱ्यापैकी जुळते, आणि परसात चरायलाच ती तयार झाली आहे. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी तीच सुचवेन.

स्वभाव रक्तात असतो आणि तो निवडीनं बदलतो, याचा ठळक पुरावा संशोधक विल्यम म्यूर यांनी १९९६ मध्ये मांडला. नेहमीची रीत म्हणजे जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडायची. म्यूर यांनी एकेक कोंबडी न पाहता, एका पिंजऱ्यात राहणाऱ्या गटांपैकी चांगला गटच निवडला. दुसऱ्या पिढीत पिंजऱ्यातल्या ६८ टक्के कोंबड्या वर्षभरात मरत होत्या. चौथ्या पिढीत हे प्रमाण ८.८ टक्क्यांवर आलं. दर कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ वर गेली. बाजारात एकटी उठून दिसणारी, दांडगी तलंग उचलण्याआधी हे आकडे आठवावेत.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत निम्म्या अनुदानावर तलंगांचा गट मिळतो, त्याची रचना मला म्हणूनच शहाणपणाची वाटते: आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि तीन नर. सगळे एकाच वयाचे आणि एकदमच आलेले, शिवाय एका नराला आठेक माद्या. तंटे पोरवयातच मिटतात.

गावाकडच्या बायका याहून जुनी युक्ती वापरतात. खुडूक कोंबडीखाली रात्री, अंधारात, एक-दोन दिवसांची परकी पिल्लं सरकवायची. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. आठवडाभराच्या पिल्लांना मात्र ती टोचून हाकलते. तोवर ओळख पक्की झालेली असते. कडकनाथ स्वतः फारशी खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली उबवतात. ती पिल्लं कळपातच वाढतात आणि त्यांना वेगळं मिसळावं लागत नाही.

मोठे पक्षीच आणायचे असतील, तर टोचण्यापेक्षा मोठा धोका आधी बघायला हवा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस लागू शकतात. बाजारात टवटवीत दिसलेली तलंग म्हणूनच भरवशाची नसते. तिला निदान तीन आठवडे वेगळं ठेवावं, भांडी वेगळी, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग तिला. लसीकरण झालंय का, हेही विचारून घ्यावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता. एका ठिकाणी शंभरेक कोंबड्या मेल्या आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या सुमारे २५ हजार पक्ष्यांवर गदा आली.

तीन आठवडे सुखरूप गेले, की पुढची पायरी जाळीची. खुराड्याला जाळीचा आडोसा करून नव्या-जुन्यांना आठवडाभर एकमेकांना बघू द्यावं. पाहण्यातूनही त्या बरंच ठरवतात, हे वर आलंच. एकटी कोंबडी सोडू नये. दोघी-तिघी असल्या की मार वाटला जातो. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, लपायला उभी फळी किंवा उलटी पाटी असावी, कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा हवी. थोड्याफार टोचण्या होणारच, त्यात पडू नये; रक्त दिसलं तर मात्र लगेच बाजूला काढावं, कारण लाल जखम बाकीच्यांना आणखी टोचायला लावते.

आणि वेळ. आपल्याकडे गटारीला कळपातला मोठा कोंबडा जातो, मागे राहिलेल्या नरांत वरच्या जागेसाठी जुंपते. मग श्रावण लागतो, खाणारे कमी होतात, भाव उतरतात, आणि नेमका तेव्हाच स्वस्तात तलंगा घ्यायचा मोह होतो. उल्हास नदीच्या काठी तेव्हा चिखल असतो, कोंबड्या दिवसदिवस आत कोंडलेल्या असतात आणि ओल्या भुशात रक्ती हगवण पसरते. पळायला अंगण नसताना नव्या पक्ष्याला आत टाकणं वाईट. दसऱ्याच्या सुमाराला जमीन वाळते, कोंबड्या बाहेर चरू लागतात. दहा आठवड्यांची तलंग तेव्हा आणली, तीन आठवडे वेगळी आणि एक आठवडा जाळीआड ठेवली, तरी जानेवारीत ती अंड्यावर येते.